घराजवळचं घुबड शोधायचं आणि ओळखायचं कसं: आधी कान, मग जमीन, टॉर्च सगळ्यात शेवटी

थंडी सुरू झाली की माझ्या फोनवर ठरावीक फोटो यायला लागतात. काळाकुट्ट अंधार, मध्ये एक फांदी आणि तिच्यावर दोन चकाकणारे ठिपके. खाली प्रश्न असतो, ‘हे कुठलं घुबड?’ यावरून काही सांगता येत नाही. चौकशी केली की क्रम तोच निघतो. रात्री आवाज आला, हातात टॉर्च घेतला, थेट झाडाखाली गेलो, उजेड मारला, पक्षी उडाला, आता चार दिवस दिसत नाही.

चूक उत्साहाची नाही, क्रमाची आहे. घुबड रात्री बाहेर पडतं म्हणून त्याला रात्रीच शोधावं लागतं, हा समज आधी काढून टाका. त्याचा पत्ता सापडतो तो कानाने आणि दिवसाउजेडी जमिनीवर पाहून. डोळ्यांचं काम पार शेवटी येतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात तर पुढचा फसतो.

## तयारी: घराबाहेर पडण्याआधी

१. परिसराचा कच्चा नकाशा काढा. घराभोवतीचं साधारण अर्धा किलोमीटर पुरे. वहीच्या पानावर घर मध्यभागी ठेवा आणि या जागा खुणेने दाखवा: जुनी वड, पिंपळ, चिंच, आंबा, उंबराची झाडं (ढोली असलेली वेगळी दाखवा), पडका वाडा, बंद पडलेली गिरणी किंवा गोदाम, बांधीव विहीर, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, इमारतीचा डक्ट, नाला, दगडखाण, टेकडीचा कडा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ‘आमच्याकडे झाडंच नाहीत’ म्हणून हा टप्पा सोडू नये. गव्हाणी घुबडाला झाड लागतच नाही. सहाव्या मजल्यावरच्या डक्टमधली सपाट जागा त्याला उत्तम चालते.

२. सामान. वही-पेन्सिल, आवाज रेकॉर्ड होईल असा फोन, ८×४२ची दुर्बीण (असेल तर; ओळखीच्या टप्प्यापर्यंत ती लागत नाही), पातळ हातमोजे, मास्क, मोजपट्टी, छोटा टॉर्च आणि त्यावर लावायला लाल जिलेटीन कागद. पायांत बंद बूट. रात्री गवतातून चपला घालून फिरू नका. घोणस त्याच वेळी, त्याच उंदरांसाठी बाहेर पडलेली असते.

३. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. हे विनोदाने लिहीत नाही. अंधारात दुर्बीण घेऊन इमारतीकडे पाहत उभा राहिलेला माणूस लोकांना पक्षीनिरीक्षक वाटत नाही. मला एकदा ओळखपत्र दाखवावं लागलं होतं, तेही माझ्याच गल्लीत.

> तपासा: नकाशावर निदान पाच खुणा आहेत का? नसतील तर पुन्हा एक फेरी मारा, ती दिवसा.

योग्य काळ नोव्हेंबर ते मार्च. पानगळ होत जाते, हवा स्थिर असते आणि पिंगळा, शृंगी घुबड यांच्या विणीचा हंगाम असल्याने ती जास्त बोलतात. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिड्यांच्या गदारोळात शिंगळा घुबडाचा आवाज ऐकू येणं म्हणजे नशीबच.

## टप्पा १: सात दिवस नुसतं ऐका

गच्चीत किंवा गॅलरीत बसा. सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास, आणि जमलं तर पहाटे उजाडण्याआधी तेवढाच वेळ. जागा बदलू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग सुरू करा आणि बाजूला ठेवून द्या.

प्रत्येक आवाजाला एक ओळ: वेळ, दिशा, एका दमात किती स्वर, दोन आवाजांमधलं अंतर, समोरून उत्तर आलं का. पक्ष्याचं नाव लिहू नका. एकदा नाव लिहिलं की पुढचे सगळे आवाज कान त्याच नावाला जुळवून घेतो. मी दोन महिने ‘मत्स्य घुबड’ लिहीत होतो. तो भारद्वाज निघाला.

घरांच्या आसपास ऐकू येणारे आवाज असे:

पिंगळा. भांडण चाललंय असं वाटेल असा कर्कश कलकलाट, ‘चिर्रर-चिर्रर-चिव्वाक-चिव्वाक’. बहुतेकदा दोघं-तिघं एकदम. झाडांवर, गावात, कॉलनीत कुठेही. महाराष्ट्रात घराजवळ घुबड ऐकलं तर आधी यालाच गृहीत धरा आणि मग तो नाही हे सिद्ध करा.

गव्हाणी घुबड. घुत्कार नाहीच. लांब, खरखरीत, अंगावर येणारी किंचाळी किंवा फुत्कार. पिल्लं असतील तर रात्रभर कुणी घोरतंय असा आवाज डक्टमधून येत राहतो. ‘डक्टमध्ये साप आहे’ अशी तक्रार आली तर आधी हा आवाज आठवा.

शिंगळा घुबड. एकच मऊ स्वर, ‘व्हट?’, प्रश्न विचारल्यासारखा. काही सेकंदांनी पुन्हा तोच. मग पुन्हा तोच. बेडूक समजून सोडून दिला जाणारा आवाज हाच.

शृंगी घुबड. खोल, घुमणारा, दोन स्वरांचा ‘बूऽ-बोऽऽ’, दुसरा लांबलेला. टेकडी, घळ, जुनी दगडखाण यांच्या बाजूने. लांबून येतो, त्यामुळे जवळ आहे असं समजून झाडं धुंडाळत बसू नका.

वनघुबड. गावाबाहेरच्या आमराईतून किंवा चिंचेच्या रांगेतून थरथरत जाणारी ‘चूहुवाऽऽऽ’. भुताखेतांच्या गोष्टींचा बराचसा माल या आवाजाने पुरवला असावा, असं माझं आपलं मत.

कोकणात आणि घाटमाथ्याच्या दाट झाडीत याशिवाय ससाणा घुबडाचा ‘ऊ-वुक, ऊ-वुक’ असा जोडस्वर ऐकू येतो, एका दमात कितीतरी वेळा.

### घुबड नसलेले आवाज

- भारद्वाज: खोल ‘हूप-हूप-हूप-हूप’, भराभर, लांबच लांब माळ. पहाटे आणि दिवसाही. शृंगी घुबड दोनच स्वर देऊन थांबतं.
- रातवा: ‘चुक-चुक-चुक-चुकर्रर’. फरशीवर टाकलेली गोटी टप्पे घेत थांबते तसा.
- टिटवी: रात्री उडता उडता ओरडते, त्यामुळे आवाज आकाशात सरकत जातो.
- पावशा: उन्हाळ्याच्या शेवटी रात्रीसुद्धा ओरडतो. स्वर चढत चढत जातो.

दिशा पक्की करायची युक्ती: एका जागेवरून आवाजाची दिशा नकाशावर रेघ मारून दाखवा. दुसऱ्या दिवशी शंभर पावलं बाजूला जाऊन त्याच वेळी ऐका आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघा जिथे छेदतात, तिथल्या तुमच्या खुणेच्या जागा पाहा. बहुतेक वेळा तिथे एखादी ढोली किंवा पडकी भिंत आधीच नोंदवलेली असते.

> इशारा: मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. आपल्या हद्दीत दुसरं घुबड शिरलं असं समजून ते अंडी-पिल्लं सोडून धावून येतं. उत्तर मिळालं याचा आनंद तुम्हाला होतो, रात्रीची शिकार त्याची बुडते.

आवाज ओळखणारी मर्लिनसारखी ॲप जरूर वापरा, पण सातव्या दिवशी. ॲपचं उत्तर हा अंदाज समजा आणि वहीतल्या नोंदींशी पडताळा. वाहनांच्या गोंगाटात ॲपही फसतं.

## टप्पा २: दिवसा, मान खाली घालून

आता छेदबिंदूजवळ दिवसा जा. झाडाकडे पाहू नका, जमिनीकडे पाहा. शोधायच्या तीन गोष्टी.

पांढरे ओघळ. खोडावर, भिंतीवर किंवा ढोलीच्या तोंडाखाली चुना सांडल्यासारखे. मात्र बगळ्यांच्या झाडाखालीही असाच सडा असतो. तिथे तो सगळ्या झाडाखाली पसरलेला आणि माशांच्या वासाचा. घुबडाचा ओघळ एकाच बैठकीखाली.

गोळ्या. घुबड उंदीर पोटात घेतं आणि न पचलेले केस व हाडं यांची घट्ट गोळी करून तोंडावाटे टाकतं. ही विष्ठा नव्हे. गव्हाणीची गोळी अंगठ्याएवढी, ताजी असताना काळी आणि चकचकीत, वाळल्यावर करडी. पिंगळ्याची बरीच लहान असते आणि तिच्यात भुंगेऱ्यांच्या पंखांची चमकदार टरफलं दिसतात.

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. उदमांजराची विष्ठा झाडाखाली, गच्चीवर सापडते. तिच्यात फळांच्या बिया भरपूर असतात. मुंगसाच्या आणि मांजराच्या विष्ठेला दुर्गंध येतो. घारी-शिक्रेही गोळ्या टाकतात, पण त्यांच्या पोटात हाडं बरीच विरघळतात, त्यामुळे गोळीत केस-पिसंच जास्त. गोळीत उंदराची अख्खी कवटी मिळाली तर ती घुबडाचीच समजायला हरकत नाही.

फोडून पाहायची असेल तर गोळी दोन दिवस उन्हात वाळवा. हातमोजे आणि मास्क घाला. कोमट पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून भिजवा आणि चिमट्याने सोडवा. कवटीला पुढे लांब, वाकडे, पिवळट दात आणि त्यामागे मोकळी जागा असेल तर उंदीर-घूस. टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. स्वयंपाकघरातला चिमटा वापरू नका (घरात वाद होतो, अनुभव आहे).

पीस. घुबडाच्या पंखातल्या बाहेरच्या मोठ्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात आणि वरचा भाग मखमली लागतो. फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवा, पीस तिथेच सोडा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली घुबडांना संरक्षण आहे. त्यांचं पीस, नख, अंडं घरी आणणं हा शोभेचा विषय नाही.

> तपासा: तीनपैकी दोन खुणा एकाच जागी मिळाल्या का? एकच मिळाली असेल तर आठवड्याने परत या. जुन्या गोळ्या आज उचलून बाजूला करा, म्हणजे पुढच्या वेळी ताज्या पडल्यात का ते कळेल.

## टप्पा ३: बसलेला पक्षी पाहणं

सकाळी आठ-नऊच्या सुमारास, थंडीत, पिंगळा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. हा सगळ्यात सोपा क्षण. लोक मात्र पानांमध्ये शोधतात. खोडाला लागून पाहा. शिंगळा घुबड तर खोडाला चिकटून, अंग लांबट करून, डोळे मिटून बसतं आणि तुटलेल्या फांदीचं सोंग इतकं छान वठवतं की तुम्ही त्याच्याकडे पाहून पुढे जाल.

आपल्याला दिसत नसेल तर इतरांना विचारा. कोतवाल, बुलबुल, कावळे, खारी एकाच फांदीकडे तोंड करून आरडाओरड करत असतील तर तिथे बहुधा घुबड आहे. (किंवा साप, तेव्हा पाय कुठे पडतोय तेही पाहा.)

अंतर निदान वीस पावलं. घुबड मान खाली-वर झुलवायला लागलं, डोळे सताड उघडले, किंवा अंग आक्रसून ताठ झालं, म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात. दोन पावलं मागे आणि पाच मिनिटं शांत. ते पुन्हा सैल बसलं तर थांबा, नाही तर परत फिरा. भर दिवसा उडवलेल्या घुबडामागे कावळे लागतात आणि ते फार वाईट दृश्य असतं.

## टप्पा ४: तिन्हीसांजेची थांबणी

सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी जागा धरा. भिंतीला किंवा झाडाला पाठ लावा, ढोलीकडे तोंड आणि शक्यतो पश्चिमेचं आभाळ तिच्या मागे येईल अशा बेताने. उजळ आभाळावर आकृती स्पष्ट उमटते, टॉर्च लागतच नाही. ढोलीच्या अगदी समोर, त्याच्या उडण्याच्या वाटेत मात्र बसू नका.

पिंगळा उजेड असतानाच बाहेर येऊन तारेवर किंवा खांबावर बसतो. गव्हाणी बराच अंधार पडल्यावर निघते. पंखांचा आवाज शून्य, डोक्यावरून एक पांढरी सावली सरकून जाते.

टॉर्च वापरायचाच असेल तर लाल कागद लावून, झोत पक्ष्याच्या बाजूला टाकून, तीन-चार सेकंद. फ्लॅश अजिबात नको.

## टप्पा ५: ओळख, याच क्रमाने

रंग सर्वांत शेवटी. पिवळ्या पथदिव्याखाली प्रत्येक घुबड तपकिरी दिसतं.

आकार. मोजमाप ओळखीच्या पक्ष्यांशी लावा. साळुंकीएवढं असेल (२१–२४ सेंमी) तर पिंगळा किंवा शिंगळा. कावळ्यापेक्षा जरा लहान (साधारण ३५ सेंमी) तर गव्हाणी. घारीएवढं (५० सेंमीच्या वर) तर शृंगी किंवा मत्स्य घुबड. वनघुबड मधलं, कावळ्याहून थोडं मोठं.

शिंगं. डोक्यावरचे तुरे म्हणजे कान नव्हेत, ती नुसती पिसं आहेत आणि पक्षी ती आडवीही पाडतो. म्हणून ‘शिंगं दिसली’ ही नोंद पक्की, ‘शिंगं नाहीत’ ही नोंद कच्ची.

डोळ्यांचा रंग, पण दिवसाउजेडी पाहिलेला. टॉर्चच्या झोतातली चकाकी म्हणजे डोळ्यांचा रंग नव्हे. पिंगळ्याचे पिवळे. आपल्याकडच्या नेहमीच्या शिंगळ्याचे गडद तपकिरी. गव्हाणी आणि वनघुबड यांचे काळसर. शृंगीचे नारिंगी, मत्स्य घुबडाचे पिवळे.

चेहरा. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा फक्त गव्हाणीचा. कापलेल्या सफरचंदासारखा. इथे दुसऱ्या कशाची शंका घ्यायची गरज नाही.

पाय. मोठ्या दोघांसाठी हा निर्णायक मुद्दा आहे. शृंगीचे पाय पिसांनी झाकलेले, मत्स्य घुबडाचे उघडे, कारण त्याला पाण्यात पंजा घालायचा असतो. शृंगी उघड्या कड्यावर बसतं, मत्स्य घुबड ओढ्या-तलावाकाठच्या गर्द झाडात.

आता तीन पिंगळ्यांचं भांडण. डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतील तर तो साधा पिंगळा. डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या पट्ट्या असतील तर जंगली पिंगळा. हा झाडीलगतच्या वस्त्यांजवळ येतो. तिसरा तो दुर्मीळ वनपिंगळा, जो १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला: डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, पोटाचा खालचा भाग पांढरा, चोच आणि पाय दणकट. तो मेळघाट, सातपुडा, तानसा अशा जंगलांत आहे. कॉलनीतल्या गुलमोहरावर तो बसलाय असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन डोक्यावरचे ठिपके मोजा. शिवाय ‘रानपिंगळा’ हे नाव काही जण जंगली पिंगळ्याला वापरतात, काही जण वनपिंगळ्याला. ‘हुमा’ हे नाव कुठल्या घुबडाचं, हेही तालुक्यागणिक बदलतं. म्हणून वहीत नावापुढे खुणा लिहाच.

> तपासा: पहिल्या टप्प्यातला आवाज आणि आताच्या खुणा एकाच पक्ष्याकडे बोट दाखवतात का? नसतील तर बहुधा तुमच्याकडे दोन जातींची घुबडं आहेत. असं बरेचदा निघतं.

## टप्पा ६: घरटं किंवा पिल्लू सापडलं तर

ढोलीत हात, काठी किंवा फोन घालायचा नाही. लांबून पाहायचं, तेही रोज नाही.

डक्टमधल्या गव्हाणीबद्दल मात्र लिहायलाच हवं. पिल्लं पांढरट लोकरीची, लांबट तोंडाची आणि एकमेकांहून खूप लहान-मोठी असतात. त्यात आजार वगैरे काही नाही. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि पहिल्यापासूनच उबवली जातात, म्हणून हा फरक. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण तीन महिने लागतात. सोसायटीच्या बैठकीत वास, आवाज आणि अपशकुन हे तिन्ही विषय निघतील. अपशकुनावर वाद घालू नका, वेळ जातो. ‘तीन महिने थांबू, पिल्लं उडाली की साफ करून जाळी लावू’ एवढंच तारीख घालून मांडा. पिल्लं आत असताना जाळी ठोकली तर ती उपाशी मरतात आणि मग जो वास सुटतो तो खरा वास. याच काळात इमारतीत उंदरांचं विष ठेवू देऊ नका. विष खाल्लेला उंदीर पिल्लांच्या पोटात जातो.

खाली पडलेलं पिल्लू धडधाकट असेल तर कुत्र्या-मांजरांपासून आडोसा देऊन त्याच झाडावर, जवळच्या फांदीवर ठेवा, आईबाप येतात. पंख लोंबत असेल, रक्त असेल, मांजा गुंडाळलेला असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. दूध, भात, पाणी काहीही पाजू नका. वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

## टप्पा ७: नोंद ठेवा, पत्ता नको

दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी पकड वाढते. म्हणून इमारतीचं, देवळाचं नाव किंवा नकाशावरचा बिंदू असलेला फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. फोनच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची सोय आधी बंद करा. आय-नॅचरलिस्ट आणि ई-बर्ड या निसर्गनोंदी ठेवायच्या वेबसाइट आहेत. आय-नॅचरलिस्टवर नोंद टाकताना जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडा. ई-बर्डवरची यादी सार्वजनिक नजरेआड ठेवता येते.

वहीत मात्र सगळं लिहा: तारीख, वेळ, झाड, आवाज, गोळ्यांची संख्या, चंद्र होता की नव्हता. पुढच्या नोव्हेंबरमध्ये गच्चीत बसाल तेव्हा पहिल्या पानावरचा नकाशा पुन्हा समोर घ्या आणि तोडलेली झाडं आधी खोडून टाका.